धुक्यातली पूर्ण साद

त्या तळ्यावर हिवाळाभर धुकं असे, आणि धुक्यात क्रौंचांना चोचीपुढचं दिसत नसे. उडायची तर सोयच नाही. तरी त्यांचं राज्य टिकून होतं, ते सादेमुळे. साद म्हणजे नुसती हाक नव्हे. आधी आपण कुणाचे ते सांगायचं, मग आपलं नाव, मग कुठल्या काठाला आहोत ते, आणि शेवटी पायाखाली पाणी किती आहे ते. सगळं मान उंच करून, एका दमात. अशी साद तळ्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला ऐकू जाई, आणि ऐकणारा तिच्या रोखानं बिनधोक चालत येई. उत्तरेला खोल गाळ होता आणि गाळापलीकडच्या पाणकणसांत कोल्हे होते. त्यामुळे साद येणं हा तिथे हौसेचा मामला नव्हता.

पुढे पिल्लांनी साद सोडली. एकदम नाही, हळूहळू. आधी पाणी किती ते गळालं, मग काठ गळाला, मग आपण कुणाचे तेही. शेवटी उरलं एक टुक. आता खरं सांगायचं तर त्या टुकात काही कमी नव्हतं. पिल्लं सदा घोळक्यानं, पंखाला पंख लावून उभी असत. बेडूक दिसला की टुक, हसू आलं की टुक, रुसवा आला की मान फिरवून टुक, आणि त्यातला प्रत्येक फरक त्यांना बरोब्बर कळे. मोठ्यांना त्यातलं अवाक्षर कळत नसे. आणि जे कळत नाही त्याचा राग आला नाही, तर ते मोठे कसले.

सगळ्यांत जास्त राग बोरूआबांना आला. कळपातल्या प्रत्येकाला लहानपणी साद शिकवली होती ती त्यांनीच. त्यांनी काठावर सभा भरवली.

"हे बोलणं नव्हे, ही उचकी आहे," ते म्हणाले. "आजपासून टुकाला कुणी ओ द्यायची नाही. पोर भुकेलं असो, नाहीतर रडत असो. पूर्ण साद घालील तेव्हाच बघायचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सांजीनंही डोलावली. तिला लव्हाळी नावाची एकुलती एक पोर होती. भर सभेत मान न डोलावणारी आई म्हणून उठून दिसायची सांजीची छाती नव्हती.

त्याआधी सांजी लव्हाळीच्या टुकाला हळूच "अं" म्हणत असे. आता ती गप्प राहू लागली. लव्हाळी पाणी उडवत धावत यायची, टुक म्हणायची, आणि आई दुसरीकडे बघत बसायची. मग नाइलाजानं पोर मान उंच करून साद घाली आणि मध्येच कुठेतरी घोटाळा करी.

"काठ आधी. पाणी नंतर," सांजी म्हणे. "आणि मान सरळ."

लव्हाळी पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. जे सांगायला ती धावत आली होती, ते तोवर विरून गेलेलं असे. काही दिवसांनी ती यायचीच बंद झाली. घोळक्यात मात्र तिच्या चोचीला दम नसे. ती टुकटुक सांजीला लांबून ऐकू येई आणि तिची मान आपसूक तिकडे वळे. पण ठरलं ते ठरलं.

इकडे मोठ्यांची पूर्ण साद पिल्लांच्या कानावर पडे, ती आता एकाच कामासाठी. कुणी टुक म्हणताना सापडलं, की बोरूआबा त्याच्या आईच्या नावासकट, काठासकट, पाण्यासकट साद घालत, आणि आज कुणाची शोभा झाली ते सगळ्या तळ्याला कळे. साद कानी आली की पिल्लं पांगत. मोठ्यांना वाटे, चला, वचक बसतो आहे.

अशात एका सकाळी पिल्लं उथळ पाण्यात चरत असताना धुकं एकाएकी दाटलं. ती एकमेकांना धरून, टुकटुक करत काठाला आली. त्यांत लव्हाळी नव्हती.

"माझ्या पंखाला लागूनच होती," कमोदी म्हणाली. ही लव्हाळीची जिवाची मैत्रीण. "मी टुक म्हटलं, तर टुक आलं. मला वाटलं, तीच."

ते दुसऱ्याच कुणाचं तरी होतं.

सांजी काठावर पुढे झाली. तिनं मान उंच केली आणि आयुष्यात घातली नव्हती इतकी चोख साद घातली. सगळे कान देऊन थांबले. धुक्यात दूर कुठेतरी पाणी डुबडुबलं. तिनं पुन्हा, आणखी जोरानं साद घातली. पाणी पुन्हा डुबडुबलं, पण पहिल्यापेक्षा लांब, उत्तरेच्या अंगाला.

"काकू, नका ना," कमोदी म्हणाली. "तिला ऐकू येतंय. म्हणून तर ती जातेय."

"म्हणजे?"

"अशी साद आली की आम्ही लांब जातो. तुम्ही रागावलाय असं वाटतं."

आपण जीव तोडून बोलावतो आहोत आणि ते ऐकूनच पोर गाळाकडे चालली आहे, हे सांजीच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरलं तेव्हा ती कमोदीकडे वळली.

"मग काय म्हणू गं?"

"टुक म्हणा."

बोरूआबांनी घसा खाकरला. सांजीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती टुक म्हणाली. भलताच बोबडा आवाज निघाला. पिल्लांतलं कुणीही हसलं नाही. पण टुक ते केवढंसं, जवळच्याच पाण्यावर ते विझलं. सांजी पाण्यात उतरली, गुडघ्यापर्यंत गेली, पुन्हा टुक म्हणाली. काही नाही.

"सांजे, पुढे गाळ आहे, थांब," बोरूआबा म्हणाले. नाही म्हटलं तरी सांजीही त्यांच्याच हाताखाली शिकलेली.

तेवढ्यात उत्तरेकडून साद आली. बारीक, फाटलेली, पण पूर्ण साद. लव्हाळी स्वतः घालत होती. कुणी भाग पाडलं नव्हतं, कुणी अडवून धरलं नव्हतं. आईनं शोधावं म्हणून ती घालत होती.

"सांजीची... लव्हाळी... पाणी पोटाला लागलंय... उत्तरेच्या..."

सांजीच्या काळजात किती काय दाटून आलं. तिथेच थांब, हलू नकोस, मी आले, असं तिला म्हणायचं होतं. तिनं चोच उघडली, आणि रोज जे बाहेर पडायचं तेच पडलं.

"काठ आधी. पाणी नंतर."

साद थांबली.

"नाही, नाही, लव्हे, तसं नाही," सांजी म्हणू लागली. "कसंही सांग, बाळा, कसंही." पण आता तिचा घसा बसला होता आणि शब्द चोचीबाहेर पडून तिच्या पायाशीच राहत होते.

ते पाहून बोरूआबांनी मान उंच केली. त्यांच्यामागे सगळ्या कळपानं केली. मग सगळ्यांनी मिळून एका सुरात लव्हाळीला साद घातली. आईचं नाव, तिचं नाव, काठ, पाणी, सगळं जिथल्या तिथे, कुठे एक चूक नाही. ती साद स्वच्छ, तळ्याच्या त्या टोकापर्यंत गेली. आणि काठाजवळच्या उथळ पाण्यात उभी असलेली सगळी पिल्लं, त्यांच्यात कमोदीसुद्धा, एकेक पाऊल मागे सरकली.