दिव्याचे लाल तावदान

फार फार पूर्वीची गोष्ट आहे. तेव्हाही कुणीतरी राजा होताच, पण त्याचे नाव आता कुणाला सांगता येणार नाही, इतकी जुनी. लहानांनो, तुम्ही ऐका. आणि मोठ्यांनी कान दिला तरी काही बिघडणार नाही.

समुद्राकाठच्या एका गावात सगुणा नावाची बाई आणि तिचा नवरा रुमाजी राहत होते. दोघांचेही केस पिकले होते. रुमाजी काचेचा कारागीर होता. फुंकून कुप्या करणारे कारागीर वेगळे. रुमाजी रंगीत काचेचे तुकडे एका सपाट फरशीवर थरावर थर मांडत असे. ती फरशी भट्टीत सरकवली की धगीने तुकडे मऊ होत, एकमेकांत मिसळत आणि त्यांचे एक अखंड तावदान होई. मांडणी रुमाजीची, विस्तव सगुणाचा. लग्न झाल्यापासून हेच चालत आले होते.

गावाची खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे एक बुरूज होता. बुरुजावर रोज संध्याकाळी मोठा दिवा लागे. दिव्यापुढे रुमाजीने केलेले लाल तावदान होते. किनाऱ्यावर चुली पेटत, शेकोट्या पेटत, त्या सगळ्या पिवळ्या. लाल उजेड फक्त बुरुजाचा. तो दिसला की परतणाऱ्या होड्यांना कळे, खडक डावीकडे, वाट उजवीकडे.

एका पावसाळ्याच्या शेवटी वादळ आले आणि ते तावदान फुटले.

कोळीवाड्याचा हिराजी तांडेल दारात आला. "रुमाजीदादा, समुद्र शांत होतोय. होड्या बाहेर काढायच्या आहेत. तावदान तेवढं लवकर कर बाबा."

"करतो की," रुमाजी म्हणाला. "त्यात काय एवढं!"

पण पहिले तावदान भट्टीतून निघाले ते फोडांनी भरलेले. जणू काचेला देवी आल्या होत्या. सगुणाने ते उजेडाकडे धरून पाहिले. थरांच्या मध्ये हवा कोंडली होती. "विस्तव फार घाईने चढला," ती म्हणाली. "कडा आधी वितळून बंद झाल्या, आतल्या हवेला बाहेर पडायला वाटच राहिली नाही."

"तू आत गेलीस तेव्हा मीच लाकडं जास्त घातली," रुमाजी पुटपुटला. सगुणाला नवल वाटले. एरवी मोजूनमापून लाकूड घालणारा माणूस हा. पुढच्या वेळी तिने विस्तव हळूहळू चढवला.

दुसऱ्या तावदानात फोड नव्हते, पण वर दुधाच्या सायीसारखा पांढुरका थर आला होता आणि खालची बाजू फरशीला चिकटली होती. सगुणाने पुन्हा निरखून पाहिले. पांढुरक्या डागांत बोटांचे ठसे होते. काच न पुसताच मांडली होती. फरशीवरचा चुन्याचा लेपही जागोजागी उडाला होता. तिने फरशी खरवडली, नवा लेप दिला, उन्हात कडकडीत वाळवला. काचेचे तुकडे राखेने घासून धुतले आणि स्वच्छ फडक्याने पुसून नवऱ्याच्या हाती दिले.

तिसरे तावदान आरशासारखे झाले. पण बाहेर काढताना दिसले, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नदीसारखी वळत गेलेली चीर.

रुमाजी चिडला. "काचच खोटी आहे! त्या घाटावरच्या व्यापाऱ्यानं फसवलं आपल्याला."

"असेलही," सगुणा म्हणाली. काही काचा एकमेकींशी पटवून घेत नाहीत. एक निवताना जास्त आखडते, दुसरी कमी, आणि मग दोघींच्या ओढाताणीत तावदान फुटते. म्हणून तिने खालच्या थराच्या पिवळ्या काचेची आणि वरच्या लाल काचेची एक बारीक पट्टी जोडून छोट्या शेगडीत भाजली, आणि गरम राखेत पुरून ठेवली. राख पुरती निवल्यावर पट्टी काढली. अखंड. चीर नाही, तडा नाही. काचांचे छान जमत होते.

मग चुकत होते कुठे?

चौथे तावदान अखंड निघाले. सगुणाने देवापुढे साखर ठेवली. तावदान बुरुजावर बसवले आणि होड्या समुद्रात गेल्या.

पण काच मोठी फसवी असते. पोटात ओढ राहिली तर ती वरून हसरी दिसते आणि भलत्याच वेळी दगा देते. दिवा लागला, तावदान तापले आणि टक्कन आवाज होऊन दुभंगले. वाऱ्याने दिवा विझला. हिराजीची होडी खडकावर आपटली. माणसे पोहत किनाऱ्याला लागली, पण हिराजीच्या धाकट्या भावाचा हात मोडला.

सकाळी हिराजी आला. रुमाजी भिंतीकडे तोंड करून बसला होता. हिराजीने सगुणालाच म्हटले, "वहिनी, होडी पुन्हा बांधू. हातही सांधेल. मी भांडायला नाही आलो. पण आता कुणी समुद्रात जायला धजत नाही. घरात चूल थंड पडेल."

"आणखी एकदा विश्वास ठेवा, भावोजी," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिने फुटलेले तुकडे अंगणात आणून जुळवले. आदल्या तावदानाचे तुकडेही शेजारी मांडले. आता तिला वाचल्यासारखे दिसू लागले. दोन्हींच्या फुटीच्या कडा धारदार होत्या. तापतानाच काच फुटली असती, तर पुढच्या धगीने कडा गोल झाल्या असत्या. म्हणजे काच तापताना नीट होती. निवतानाच तिला काहीतरी झाले होते. आणि दोन्ही चिरा एकाच बाजूने सुरू झाल्या होत्या. भट्टीच्या दाराच्या बाजूने.

ती भट्टीपाशी गेली. दाराच्या विटेवर जुने लिंपण अजून चिकटलेले होते, पण ते दोन प्रकारचे होते. खालचे तिचे, सपाट. वरचे घाईचे, ओबडधोबड, त्यात एक रुंद अंगठा उमटलेला. तो अंगठा तिने ओळखला.

सगुणाच्या डोक्यात तिडीक गेली. मी विस्तव सांभाळते, फरशी खरवडते, राखेने काचा घासते, आणि हे निवत असलेल्या भट्टीचं दार उघडतात? एखाद्या पोराने करावे तसे? तिकडे माणसाचा हात मोडला!

पण तिने ठरवले, आधी डोळ्यांनी बघायचे. पुन्हा तावदान मांडले गेले, भट्टी पेटली. विस्तव कळसाला पोचला, मग तिने लाकडे ओढून घेतली आणि दार लिंपले. दुपारी ती घागर घेऊन निघाली, "पाणी आणते" म्हणून. विहिरीपर्यंत न जाताच परत फिरली आणि गोठ्याच्या आडून पाहू लागली.

रुमाजी भट्टीपाशी आला. त्याने ओले लिंपण खरवडले, वीट काढली आणि चेहरा त्या भोकाला इतका जवळ नेला की त्याच्या भुवया करपतील असे वाटले. आतल्या लाल उजेडात त्याचा चेहरा उजळला. आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

सगुणाने घागर खाली ठेवली, हळूच त्याच्याजवळ गेली आणि विचारले, "अहो, काय बघताय?"

तो दचकला. वीट त्याच्या हातातून पडली. तो खाली बसला.

"काच बघतोय," तो म्हणाला. "तापलेली असते तोवरच मला दिसते गं. तेव्हा ती स्वतःच उजळते ना. निवली की सगळं धुकं. तू म्हणतेस लाल आहे, मी हो म्हणतो. मला राखेचा ढीग दिसतो."

आता सगुणाला कळले. लाकडांचा अंदाज चुकला तो यामुळे. बोटांचे ठसे राहिले ते यामुळे. ती काचेला विचारत राहिली, विस्तवाला विचारत राहिली, फरशीला विचारत राहिली. शेजारी बसलेल्या माणसाला तिने एकदाही विचारले नव्हते.

"कधीपासून?"

"मागच्या थंडीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू माझ्या हातून काम काढून घेतलं असतंस. मायेनंच घेतलं असतंस, ठाऊक आहे मला. पण मग मी काय उरलो? भट्टीशेजारी बसलेला एक म्हातारा." त्याने तोंड पुसले. "दार उघडलं की काच बिघडते हे का मला कळत नाही? रोज ठरवायचो, आज नाही उघडायचं. पण वाटायचं, हिला मी केलंय आणि हिला बघायलाच मिळणार नाही. हिराजीच्या भावाचा हात माझ्यामुळे मोडला, सगुणा."

"हो," ती म्हणाली. खोटे सांत्वन तिने केले नाही. "मोडला. त्याच्या घरी आपण दोघं जाऊ आणि खरं ते सांगू."

मग ती त्याच्याशेजारी मातीत बसली. आतले तावदान आता वाया गेले होते. ते दोघांनाही माहीत होते, पण उठून दार लावायची घाई कुणालाच नव्हती.

संध्याकाळी ते हिराजीकडे गेले. रुमाजीने सगळे सांगितले. हिराजीचा भाऊ गळ्यात हात बांधून ओसरीवर बसला होता. त्याला राग आला होता आणि त्याने तो लपवला नाही. "रुमाजीदादा, आधी बोलायचं होतं," तो म्हणाला. "माझी आजी अशीच आंधळी झाली. आम्ही तिला जाळी विणायला द्यायचो. बोटांनी विणायची. आमच्यापेक्षा बरी विणायची." मग त्याने हिराजीच्या बायकोला हाक मारली, "वहिनी, रुमाजीदादांना पेज दे."

घरी येताना सगुणा विचार करत होती. दुसऱ्या दिवशी तिने डोंगरातून अभ्रकाचा एक मोठा पापुद्रा आणवला. अभ्रकाला धगीची भीती नसते आणि त्यातून आरपार दिसते. भट्टीच्या दाराच्या विटेत तिने हाताच्या पंजाएवढी खिडकी केली, त्यात तो पापुद्रा बसवला आणि सगळीकडून माती लिंपली. वाऱ्याची झुळूकही आत जाणार नाही अशी.

"आता बघा हवं तेवढं," ती म्हणाली. "दार मात्र उघडायचं नाही."

मग दोघांनी नवे तावदान मांडले. रुमाजी बोटांनी कडा चाचपून तुकडे बसवी, सगुणा रंग सांगे. "हा पिवळा. त्यावर हा लाल. थोडा डावीकडे." डोळ्यांपेक्षा ती बोटे जुनी कारागीर होती.

भट्टी कळसाला पोचली. लाकडे ओढून घेतली. रुमाजी खिडकीशी बसला आणि बघत राहिला. काच पिकल्या आंब्यासारखी होती, मग पळसासारखी झाली, मग विझत्या निखाऱ्यासारखी. तो सगळे सगुणाला सांगत होता आणि ती ऐकत होती.

"गेली," शेवटी तो म्हणाला. "आता काळोख."

"मग आता वाट बघायची."

"सगुणा, मला सवय नाही गं, न बघता वाट बघायची."

"मी आहे ना," ती म्हणाली.

भट्टी आपल्या चालीने निवत राहिली. रुमाजी मधेमधे उठून विटेवर तळहात ठेवी, ऊब जाणवली की परत येऊन बसे. सगुणा त्याला कोळीवाड्यातल्या गमती सांगे, जुनी भांडणे आठवून हसवे. शेवटी एका सकाळी वीट गार लागली. दोघांनी मिळून दार उघडले.

सगुणाने तावदान उचलून उन्हात धरले. फोड नव्हता, साय नव्हती, चीर नव्हती. तिच्या पदरावर, रुमाजीच्या पांढऱ्या दाढीवर लाल उजेड पडला. त्याला तो दिसला नाही. तिने त्याचा हात धरून काचेवरून फिरवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग त्याने नखाने टिचकी मारली. काच देवळातल्या लहान घंटेसारखी वाजली.

"अखंड आहे," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा हसला.

ते तावदान बुरुजावर बसले. होड्या बाहेर पडल्या आणि परतल्या. पुढे रुमाजीची दृष्टी पुरती गेली, तरी त्याचे हात काचेवरून सुटले नाहीत. लांबलांबचे कारागीर बिघडलेली कामे घेऊन सगुणाकडे येऊ लागले. ती आधी काच पाही. मग ती बाजूला ठेवून, आलेल्या माणसापुढे पाण्याचा तांब्या ठेवी आणि विचारी, "तुमचं कसं चाललंय?"

तात्पर्य : वस्तू का बिघडली हे शोधताना, ती घडवणाऱ्याचे काय दुखते आहे हे आधी विचारावे.