टाकी घासणारा साहेब

"पण बाबा, माझं चुकतंय कुठं?"

श्रीरंग नाईकवाडे बसायलाही तयार नव्हता. नगरपालिकेच्या सांडपाणी केंद्राचा हा साहेब खेमगीर बाबांच्या मठात ओट्यापुढं नुसत्या येरझाऱ्या घालत होता.

माणूस कामाचा, हे कबूल करायला हवं. त्यानं घंटागाड्यांच्या फेऱ्या अशा बसवल्या होत्या, की सकाळी नऊनंतर गावात कचऱ्याचा कपटा दिसत नसे. म्हणून तर सांडपाण्याचं नवं केंद्रही त्याच्याच हाती दिलं. आणि तिथं घोडं अडलं.

"पंधरा दिवस झाले, बाबा. टाकीत हवा सोडणारे पंप अखंड चालू आहेत. काळं पाणी आत जातं, काळंच बाहेर येतं! बारा दिवसांनी तपासणी आहे. तेव्हाही असंच निघालं तर केंद्राला कुलूप आणि सगळा नाला थेट नदीत!"

नदी मठाच्या पायरीला लागूनच होती. बाबांनी तिकडं पाहिलं.

"आमची टाकी पाहिलीस?"

मठातल्या दोनशे माणसांचं सांडपाणी त्या टाकीत येई. शिष्य पाळीपाळीनं चाक फिरवून ते ढवळत. बाहेर पडणाऱ्या पाण्यावर केळीची बाग पोसली होती.

"पाहिली. पाणी स्वच्छ आहे. पण रागावू नका, टाकी फार घाण! केवढा तो गाळ! आमच्याकडं येऊन बघा. रोज सकाळी गाळ उपसतो, टँकरनं लांब टाकतो, वर ब्लिचिंग पावडर मारून घासून घेतो. लखलखीत!"

बाबा हसू लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"रोज?"

"एक दिवस चुकवलेला नाही."

बाबा उठले. टाकीतून बादलीभर काळा गाळ काढला आणि साहेबाच्या नाकापुढं धरला.

"वास घे."

श्रीरंग तोंड वाकडं करून वाकला...

घाण येत नव्हती. ओल्या, नांगरलेल्या रानासारखा वास होता.

"दही कसं लावतात रे?"

"दुधात विरजण घालून."

"आणि विरजणाचं भांडं रोज राखेनं घासून ठेवलं तर?"

"जंतू!" श्रीरंग ओरडला. "घाण खाणारे जंतू या गाळातच राहतात! आणि मी त्यांना रोज..."

त्यानं कपाळावर हात मारला. बूट भिरकावले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि फोन कानाला लावला.

"टँकर घेऊन मठात ये! रिकामा! गाळ आपल्या टाकीत न्यायचाय... हो रे, आपल्याच! नाही, मला वेड लागलेलं नाही!"

लागलंच होतं म्हणा. मठातून दोन टँकर गाळ गेला, पावडरीची पोती बंद झाली, आणि साहेब तेव्हापासून केंद्राच्या टाकीच्या काठावरच जेवू लागला.

तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्यानं पेल्यातलं पाणी उन्हात धरलं आणि त्यातून आरपार घड्याळ वाचलं. केंद्राचं कुलूप टळलं. हे सांगताना मलाही आनंद आवरत नाही.

श्रीरंग बाटलीभर पाणी घेऊन धावतच मठात आला.

"बाबा, जमलं! बघा, नितळ! केंद्राच्या दारात फलक लावतोय. हे करणाऱ्याचं नाव घालायचंय. तुमचं घालू की माझं?"

बाबांनी बाटली उन्हात फिरवून फिरवून पाहिली.

"पंधरा दिवस ज्यांना मारत होतास, त्यांचं घाल."