बसून राहिलेली मुलं

“मग माझं चुकलं कुठं, बाबा?”

सटवाजीबाबा ताटात तूर निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा मंदार उपासनी. समाजकार्यातली मोठी पदवी घेतलेला, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पक्कं ठाऊक असलेला. पारध्यांच्या तरण्या पोरांत काम कसं करायचं हे शिकायला तो वर्षापूर्वी बाबांच्या संस्थेत आला. बाबा स्वतः पारधी. सहाच महिन्यांत मंदारला वाटलं, झालं शिकून. मग त्यानं माळावरच्या वस्तीतल्या अकरा पोरांचा मोटारसायकल दुरुस्तीचा वर्ग काढला.

“तूच सांग,” बाबा म्हणाले. “काय शिकवलंस?”

“इंजिन उघडायला, कार्ब्युरेटर साफ करायला...”

“ते नव्हं.”

मंदार हळूच म्हणाला, “पळू नका, हे शिकवलं.”

त्या वस्तीची रीतच होती. गावात चोरी झाली आणि पोलिसांची जीप दिसली, की तरणी पोरं उसात शिरायची. चोरी कुणीही केलेली असो. मंदारला या रीतीची लाज वाटायची. पळेल तोच चोर ठरेल, तुम्ही आता विद्यार्थी आहात, असं तो रोज बजावायचा. त्यानं सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं घातली होती.

“त्या पोरांतल्या दिलवरनं काय इचारलं हुतं?”

“सर, नक्की ना?”

“मग?”

“...नक्की, म्हणालो.”

गेल्या मंगळवारी बाजारपेठेत एक दुकान फुटलं. जीप आली तेव्हा अकराही पोरं वर्गात बसून होती. मंदार जिल्ह्याच्या गावी व्याख्यान द्यायला गेला होता. पोलिसांनी सगळ्यांना उचलून नेलं. दहाजण तिसऱ्या दिवशी ठाण्यातून लंगडत परत आले. दिलवर काळेचं प्रेत आलं. एकोणीस वर्षांचा पोरगा. हे लिहिताना अजून संताप होतो.

मंदारनं खिशातून पाकीट काढून बाबांपुढे ठेवलं. “राजीनामा आहे.”

बाबांनी पाकीट उचललं आणि पुन्हा त्याच्याच खिशात कोंबलं.

“उसात शिरतोस व्हय?”

मंदारचा चेहरा उतरला.

“वस्तीवर गेलो तर मारतील मला.”

“न्हाई मारत. दिलवरची आई दोन दिस झालं तुझी वाट बघतीया. सर आल्याबिगर ठाण्यात माझं कोन ऐकंल, म्हनती.”

“तिला माहीत नाही? मी सांगितलं म्हणून तो बसून राहिला, हे?”

“न्हाई. पोरांनी तुझं नाव घेतलं न्हाई.”

मंदार घाईघाईनं म्हणाला, “मग कशाला सांगायचं, बाबा? मी वकील देईन. शेवटपर्यंत केस लढवीन. तिचा माझ्यावर विश्वास आहे, तोही मोडायचा?”

बाबा तूर निवडत राहिले...

मंदार उठला. चप्पल पायात घालताना त्याचा पाय दोनदा चुकला.

“मंदार.”

तो दारात थांबला.

“ती चहा ठेवील. आधी सांग. मग दिला, तर पी.”