ताईचा तांबडा खडा

ओढ्याकाठी एक बीळ होतं. बिळात एक खेकडा राहायचा. एवढुस्सा! त्याचं नाव चिंबू.

आधी बिळात दोघं होती. चिंबू आणि ताई. मग एक दिवस बगळा आला. टपकन्! ताई गेली. परत आलीच नाही.

आज ओढ्याचा राखणदार निवडायचा होता. टिटवी हवी? मडक्यात तांबडा खडा टाका. बगळा हवा? पांढरा टाका. एक खडा, एक मत. संध्याकाळचं ऊन डोंगरमाथ्यावर चढलं की मडकं बंद!

"मला निवडा हं," बगळा म्हणाला. "पिल्लांवर माझं फार लक्ष असतं."

बिळात ताईचा तांबडा खडा होता. चिंबूनं तो नांगीत धरला. निघाला. तिरतिर तिरतिर.

वाटेत खडा निसटला. टण्! तेवढ्यात म्हैस आली. बदाक्कन् बसली. नेमकी खड्यावर!

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, ऊठ ना!
ताईचा खडा सुटेना."

"दुसरा घे की," म्हैस म्हणाली. "हिरवं गवत मिळेल, तेव्हा मी उठेन."

"दुसरा नाही घेणार! हाच टाकणार!"

चिंबू निघाला. तिरतिर तिरतिर. गवताकडे गेला.

"गवतदादा, गवतदादा, हिरवा हो ना!
म्हैस उठेना,
ताईचा खडा सुटेना."

"मी वाळलोय रे," गवत म्हणालं. "पाणी येईल, तेव्हा हिरवा होईन."

"मग आणतो पाणी!"

तिरतिर तिरतिर. पाण्याकडे गेला.

"पाणीकाका, पाणीकाका, धाव ना!
गवत हिरवं होईना,
म्हैस उठेना,
ताईचा खडा सुटेना."

"बांध आडवा आहे," पाणी म्हणालं. "बांध वाट देईल, तेव्हा धावेन. जा घरी, बाळा."

"नाही जाणार! हाच टाकणार!"

तिरतिर तिरतिर. बांधाकडे गेला.

"बांधआजोबा, बांधआजोबा, वाट द्या ना!
पाणी धावेना,
गवत हिरवं होईना,
म्हैस उठेना,
ताईचा खडा सुटेना."

बांध हसला. होहोहो! "मला कोण हलवणार? बैल दमले. हत्ती दमला. खेकड्यानं भोक पाडलं, तरच मी वाट देतो."

"खेकड्यानं?"

"हो. खेकड्यानं."

"अहो आजोबा, खेकडा तर मीच!"

कुरकुर कुरकुर. कुरकुर कुरकुर. भोक पडलं!

बांधानं वाट दिली.
पाणी धावलं, खळखळ खळखळ.
गवत हिरवं झालं, लुसलुस लुसलुस.
म्हैस उठली, हम्माऽऽ!
ताईचा खडा सुटला!

चिंबू पळाला. तिरतिर तिरतिर तिरतिर. ऊन डोंगरावर चढतच होतं.

"थांबा! माझं मत राहिलंय!"

टुपुक! खडा मडक्यात पडला. तेवढ्यात ऊन माथ्यावर चढलं. मडकं बंद!

मडक्याजवळ म्हातारे कासवबुवा बसले होते. त्यांनी मडकं उलटं केलं. खड् खड् खड् खड्. मग मोजायला बसले.

बगळ्याचे पांढरे. एक, दोन, तीन.

टिटवीचे तांबडे. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ.

"टिटवी जिंकली!" कासवबुवा म्हणाले. "चला घरी."

"थांबा!" चिंबू ओरडला. "माझा खडा कुठाय? आत अडकलाय!"

"टिटवी जिंकली ना?" बगळा म्हणाला. "आता तो कशाला मोजायचा?"

"ताईचा खडा आहे. मोजायचा म्हणजे मोजायचा!"

चिंबू मडक्यात शिरला. ढकल, ढकल, ढकल. टण्! तांबडा खडा बाहेर आला.

कासवबुवांनी तो उचलला. पुसला. नीट ठेवला.

"दहा!"

बगळा उडून गेला. फडफड फडफड. लांब. खूप लांब.

आता टिटवी राखण करते. कोणी आलं की ओरडते, "टिटिव टिटिव! टिटिव टिटिव!" मग सगळी पिल्लं पळतात, आपापल्या बिळात.

चिंबूही पळतो. पण सगळ्यांत शेवटी. आधी तो पिल्लं मोजतो.

खडा पडला मडक्यात, गोष्ट राहिली ओढ्यात!