उजवा कौल

ही गोष्ट सांगायची मला हौस नाही. पण मठात पंगत बसली की कुणीतरी ती काढतंच, आणि निम्मी चुकीची सांगतं. म्हणून एकदा सांगून टाकतो.

"देवानं उजवा कौल दिला, बुवा. आता तरी बोला माझ्याशी."

रुमाजी अंगणात उभा होता. तीन दिवस डोंगरावरच्या देवळात उपाशी बसून आलेला. ओठ फुटले होते, मान मात्र ताठ.

तातूबुवा मठाच्या छपराकडे बघत होते. अर्धं शाकारलेलं, अर्धं उघडं. चार दिवसांपूर्वी रुमाजी खालून कौलं टाकत होता, त्याचा गुरुभाऊ सोमा वर बसून झेलत होता. गावातली चार माणसं बघायला थांबली, आणि रुमाजीच्या दंडाला चेव आला. एक कौल असं सणसणत गेलं, की सोमाचा हातच मागे उडाला. सोमा खाली आला. कंबर गेली. तेव्हापासून पडवीत पडून होता, भिंतीकडे तोंड करून.

"देवाकडं काय मागितलंस?"

"माफी."

बुवांनी वाकून एक कौल उचललं.

"शिडीवर चढ. हात पुढं कर."

रुमाजी चढला. बोटं जाणार आपली, त्याला वाटलं. जाऊ देत. सुटू तरी. डोळे मिटावेसे वाटले, पण मिटले नाहीत.

"घे," बुवा म्हणाले.

कौल वर आलं... आणि हातापाशी थांबलं. वर जायचं संपलेलं, खाली यायचं अजून सुरू नाही. रुमाजीनं नुसती बोटं मिटली.

"लागलं?"

"नाही."

"का?"

"जोर संपला होता त्याचा."

"कुठं संपला?"

"माझ्या हातात."

पडवीत सोमा कण्हला.

"त्या दिवशी जरा जोर झाला माझा," रुमाजी म्हणाला. "पण सरळ फेकलं मी. रेषेत. वाकडं नव्हतं."

"सरळच होतं."

"मग?"

"कौल फेकत नाहीत. देतात."

रुमाजी शिडी उतरला. ते कौल छातीशी धरूनच.

"म्हणून तर डोंगर चढलो ना, बुवा. पार देवापर्यंत पोचवली माफी."

"फार वर गेली."

"मग आता कुठं जाऊ मी?"

"पडवी आठ पावलांवर आहे, रुमाजी."