रुसलेला डोंगर

फार पूर्वी, डोंगर अजून जागचे हलायचे तेव्हा, एका खोऱ्यातली द्राक्षवेल पाहुण्यांना तिथला इतिहास सांगत होती. "आधी इथे काहीच नव्हतं. मग मी आले."

मागचा डोंगर भडकला. "बाजरी पिकायची तेव्हापासून मी इथे बसलोय, तो काय मांडवाचा खांब म्हणून?" त्याने रागाने खोऱ्याकडे पाठ फिरवली.

कुणाला कळलंच नाही. डोंगर पुढून तसाच मागून. पण तो वळताना शेजारी खिंड पडली, गार वारा आत आला आणि द्राक्षं सावकाश पिकून भलतीच गोड झाली.

"कशी जिरवली?" डोंगराने विचारलं.

"अगंबाई, तुम्ही रुसला होतात? म्हणून वारा आला होय!"

तेव्हापासून द्राक्षं खुडून झाली की अख्खं खोरं डोंगराची समजूत काढून त्याला पुन्हा आपल्याकडे वळवतं. आणि छाटणी झाली की वेल घसा खाकरून पुन्हा इतिहास सांगायला बसते.