सुवार्ताबाईचे दोन शब्द

खैरमाळ नावाच्या लहानशा गावात याकोबबाबा या फिरत्या ख्रिस्ती साधूंचा मुक्काम होता, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. गावाबाहेर खडकाळ माळ, माळावर ख्रिस्ती वस्ती आणि वस्तीच्या मधोमध चुन्याने रंगवलेलं प्रार्थनामंदिर. एक घोंगडी, एक तांब्या आणि पवित्र शास्त्र, एवढाच बाबांचा संसार. बाबा फारसे बोलत नसत. पण जिथे बोलायला हवं तिथे ते गप्पही बसत नसत, हे वस्तीला लवकरच कळलं.

पाळकसाहेब महिन्यातून एकदा येत. एरवी उपासना चालवत ते एलियामास्तर उजागरे. मास्तरांची वाणी रसाळ. त्यांची प्रार्थना आदामापासून निघायची आणि सगळ्या संदेष्ट्यांच्या घरी थांबत थांबत पाऊण तासाने आमेनला पोचायची. लोक कौतुकाने माना डोलवत, आणि मास्तरांना ते फार आवडे.

त्याच वस्तीत सुवार्ताबाई राहायची. दगड फोडून पोट भरणारी विधवा, अक्षरओळख नाही. तिची प्रार्थना दोनच शब्दांची होती : "प्रभू, बघ." घरात पीठ संपलं तरी तेच, शेजारणीची सुखरूप सुटका झाली तरी तेच.

एका रविवारी मास्तरांनी जाहीर केलं की, आपण शिकवलेली प्रार्थना ज्याला पाठ म्हणता येणार नाही, त्याचं नाव प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या पवित्र विधीसाठी पाळकसाहेबांकडे जाणार नाही. सुवार्ताबाई उभी राहिली. तिसऱ्या ओळीला तिची जीभ अडखळली. लोक हसले. मास्तरही हसून म्हणाले, "देव म्हणजे काय तुझी शेळी राखणारा गडी आहे, नुसतं 'बघ' म्हणायला?"

"मास्तर, मला येतं तेवढंच मी बोलणार," ती म्हणाली. "उसनं बोलणं त्याच्यापुढं माझ्यानं होत नाही."

मास्तरांनी तिला बाहेर जायला सांगितलं. ती बाहेर गेली, पण घरी गेली नाही. पायरीवर बसून राहिली. पुढच्या रविवारी पुन्हा येऊन तिथेच बसली.

तिसऱ्या रविवारी मास्तरांनी बाबांना मानाने बोलावलं होतं. वेदीजवळ खुर्ची मांडली होती. बाबा आले, त्यांनी सुवार्ताबाईला पाहिलं आणि घोंगडी अंथरून तिच्या शेजारी पायरीवरच बसले. मास्तर लगबगीने बाहेर आले. बाई अजून धडा शिकलेली नाही, तुम्ही आत चला, अशी त्यांनी विनवणी केली.

बाबा म्हणाले, "वधस्तंभावर प्रभूच्या शेजारी टांगलेल्या चोराने किती वेळ प्रार्थना केली होती, मास्तर? त्याला स्वर्गाच्या दारात कोणी अडवलं नाही. तुम्ही हिला या दारात अडवलंत. मग मीही इथेच बरा."

मास्तरांचा चेहरा उतरला. पण मनातला ताठा काही उतरला नाही.

त्याच आठवड्यात वस्तीच्या विहिरीचं खोदकाम चालू होतं. भरदुपारी कडेचे काही दगड ढासळले आणि एक मोठा थोरला दगड जागचा सुटून पुढे झुकला. त्याला दिलेला लाकडी टेकू मोडून दोन तुकडे तळाशी पडले. खाली तिघे होते. दोघे दोराला धरून वर आले. तिसरा मास्तरांचा एकुलता एक मुलगा शमुवेल. त्याचा पाय ढासळलेल्या दगडांखाली अडकला होता, आणि तो मोठा दगड बरोबर त्याच्या डोक्यावर झुकलेला. उतरायची कोणाचीच छाती होईना.

मास्तर धावत आले आणि काठावर गुडघ्यांवर कोसळले. डोळे मिटून त्यांनी प्रार्थना सुरू केली, सवयीने आदामापासूनच. लोकांनीही हात जोडून माना खाली घातल्या. दोर तसाच मातीत पडून राहिला.

खाणीवरून सुवार्ताबाई पहार घेऊन पळत आली. "मास्तर, लेकरू खाली हाय. डोळे उघडा अन् दोर धरा!"

प्रार्थना मोडू नकोस, असं मास्तर रडवेल्या रागाने म्हणाले. ती थांबली नाही. बाबांनी दोर आपल्या कमरेला गुंडाळून पाय रोवलेच होते. "उतर, बाई," ते म्हणाले. सुवार्ताबाईने वर आभाळाकडे पाहिलं, आपले दोन शब्द उच्चारले आणि ती खाली गेली.

दगडाची नस ओळखण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. ती शमुवेलच्या पायाजवळ पहारीचे घाव घालू लागली. प्रत्येक घावाला विहीर हादरत होती. काठावर पालथं पडून पाहणाऱ्यांनी पुढे सगळ्यांना शपथेवर सांगितलं : त्या झुकलेल्या दगडाखाली काही नव्हतं. मागे भिंतीपासून तो वीतभर सुटला होता. कोणी तळहातावर तोलून धरावा तसा तो अधांतरी उभा होता! शमुवेल वर आला. मग सुवार्ताबाई आली. तिचे दोन्ही पाय काठाला लागले, आणि तो दगड प्रचंड आवाज करत तळाशी कोसळला. धुळीने माणसाला माणूस दिसेना.

धूळ बसली तेव्हा मास्तर बाबांच्या पायांशी आले होते. बाबा बाजूला झाले. "मी फक्त दोर धरला, मास्तर," एवढंच ते म्हणाले.

मास्तर वळले. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना शब्द सापडेना. साऱ्या वस्तीदेखत त्यांनी सुवार्ताबाईच्या धुळीने माखलेल्या पायांवर डोकं ठेवलं आणि ते हुंदके देऊ लागले.

सुवार्ताबाईने त्यांना खांद्याला धरून उठवलं. "उठा, मास्तर," ती म्हणाली. "पोराचा पाय बांधायचाय."